स्पर्धा परीक्षा : श्रमांना दिशा हवी

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १६ ने शासकीय नोकरीत सर्व नागरिकांना समान संधीची हमी दिली, तर अनुच्छेद ३१५ ने संघ व राज्ये यांच्यासाठी लोकसेवा आयोगांची तरतूद केली. राज्याच्या स्थापनेबरोबरच १ मे १९६० रोजी महाराष्ट्र लोकसेवा आयोग अस्तित्वात आला. शेतकऱ्याच्या वा कारागिराच्या मुलामुलींना वशिल्यावाचून अधिकारपदापर्यंत नेणारा मार्ग म्हणून ग्रामीण भागात भरती परीक्षांकडे पाहिले जाते, ते यामुळेच. तथापि संधी समान असली, तरी तिची नीट माहिती सर्वांपर्यंत सारखीच पोहोचते असे नाही. अनेक उमेदवार मागे राहतात ते बुद्धीत वा कष्टात उणे असतात म्हणून नव्हे, तर त्यांचे कष्ट भलत्या जागी खर्ची पडतात म्हणून.

आधी जाहिरात, मग पुस्तके

सर्वांत मोठी चूक तयारीच्या पहिल्याच दिवशी घडते. उमेदवार पुस्तकांचा गठ्ठा आणतो. जाहिरात व अभ्यासक्रम मात्र अर्ज भरण्याच्या वेळी घाईने चाळतो. वास्तविक प्रत्येक परीक्षेची मागणी वेगळी असते. पोलीस शिपाई भरतीत ५० गुणांची शारीरिक चाचणी आधी होते आणि १०० गुणांची लेखी परीक्षा नंतर. जो उमेदवार महिनोन्‌महिने केवळ पुस्तकांत रमला, त्याची वाटचाल मैदानावरच थांबते.

राज्यसेवा पूर्व परीक्षेत दोनशे-दोनशे गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. त्यांपैकी दुसरी, म्हणजे सीसॅट, २०२३ पासून केवळ अर्हताकारी झाली. तीत ३३ टक्के गुण पुरेसे ठरतात. गुणवत्ता यादीत हे गुण धरले जात नाहीत म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची प्रवृत्ती दिसते. परंतु तो उंबरठा ओलांडला नाही, तर पहिल्या प्रश्नपत्रिकेतील उत्तम गुणही निरुपयोगी ठरतात. गणिताची सवय सुटलेल्या पदवीधरांनी हे विशेष ध्यानात ठेवले पाहिजे.

मुख्य परीक्षेचे स्वरूपही पालटले आहे. वर्णनात्मक पद्धती प्रथम २०२३ पासून लागू व्हावयाची होती. ती २०२५ पासून लागू करण्याचा निर्णय पुढे झाला. वर्षानुवर्षे पर्यायांवर खुणा करण्याचा सराव केलेल्या उमेदवाराला आता निबंध व विस्तृत उत्तरे लिहावयाची आहेत. वाचलेले समजणे आणि ते ठरावीक वेळेत मुद्देसूद लिहिणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी केवळ रोजच्या लेखनानेच साध्य होते.

पाव गुणाचा हिशेब

पूर्व परीक्षेच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत १०० प्रश्न व २०० गुण असतात. चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एकचतुर्थांश, म्हणजे अर्धा गुण वजा होतो. समजा, एका उमेदवाराने ७० प्रश्न सोडविले; ५२ बरोबर आले, १८ चुकले. त्याला १०४ वजा ९, म्हणजे ९५ गुण मिळतील. त्यानेच उरलेल्यांपैकी आणखी २० प्रश्न डोळे मिटून सोडविले आणि त्यांतील तीनच बरोबर आले, तर सहा गुण वाढतील व साडेआठ घटतील; हाती उरतील साडेब्याण्णव.

याचा अर्थ शंका असलेला प्रत्येक प्रश्न सोडून द्यावा, असा नव्हे. चारांपैकी एक-दोन पर्याय निश्चितपणे बाद करता आले, तर विचारपूर्वक उत्तर देणे सामान्यतः लाभाचे ठरते. अंदाज आणि जुगार यांतील हा फरक जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडविल्याने कळतो. न सोडविलेल्या प्रश्नांबाबतच्या सूचना त्या त्या परीक्षेत काळजीपूर्वक वाचाव्यात.

पुस्तके अनेक, उजळणी शून्य

एका विषयाची चार पुस्तके एकेकदा वाचण्यापेक्षा एक पुस्तक चारदा वाचणे अधिक फलदायी असते. इतिहास, भूगोल, विज्ञान यांचा पाया शालेय पाठ्यपुस्तकांतच असतो. ती 'लहान मुलांची' म्हणून बाजूला सारणे आणि महागड्या टिपणांमागे धावणे ही नित्य आढळणारी चूक होय.

कागदपत्रे व कायदा

अभ्यास पुरा आणि कागद अपुरा, अशीही स्थिती उद्‌भवते. जातीचे प्रमाणपत्र, उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र यांची जुळवाजुळव जाहिरात निघाल्यावर सुरू होते. नावातील वा जन्मतारखेतील तफावत तेव्हाच लक्षात येते. २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात मुलांची संख्या दोनांहून अधिक झाल्यास लहान कुटुंबाच्या नियमानुसार उमेदवार अपात्र ठरू शकतो, हेही पुष्कळांना उशिरा समजते.

वयाची मर्यादा, आयुष्याची नव्हे

२०१६ मध्ये खुल्या प्रवर्गासाठी कमाल वयोमर्यादा ३८ व मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे करण्यात आली. ही सवलत उशिरा संधी मिळणाऱ्यांसाठी आहे. तोवर थांबून राहण्याचा तो सल्ला नव्हे. पदे थोडी व उमेदवार फार असल्याने परिश्रमी उमेदवारही वगळले जातात. म्हणून किती प्रयत्न करावयाचे आणि त्यासोबत कोणते कौशल्य वा व्यवसाय हाती ठेवावयाचा, हे आरंभीच ठरविणे यात कमीपणा नाही. हा निर्णय न घेतल्याने तारुण्याची उमेदीची वर्षे आणि कुटुंबाची पुंजी दोन्ही ओसरतात.

गावाचा वाटा

या चुका एकट्या उमेदवाराच्या नव्हेत. शिक्षकांनी माध्यमिक स्तरापासून लेखनाची व गणिताची गोडी लावली, ग्रामपंचायतीने वाचनालयात शांत जागा, मूळ जाहिराती व जुन्या प्रश्नपत्रिका उपलब्ध करून दिल्या, तर शहरातील खोलीच्या भाड्याचा भार काही काळ तरी टळेल. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. दाखल्याचा एखादा अर्ज टेबलावर आठवडाभर पडून राहिला, तर कुणाची संपूर्ण वर्षाची मेहनत वाया जाऊ शकते, ही जाणीव संबंधित अधिकाऱ्यांनी बाळगली पाहिजे. यश सर्वांनाच लाभेल असे नाही. परंतु माहितीअभावी कोणाचे वर्ष बुडू नये, एवढे तरी गावाच्या हाती निश्चित आहे.