परसातील कोंबड्या व बदकांचा आहार : चराईची मर्यादा आणि पूरक खाद्य

प्रस्तावना :
ग्रामीण महाराष्ट्रातील अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांत परसातील कुक्कुटपालन हा पूर्वापार चालत आलेला जोडधंदा आहे. पक्ष्यांची देखभाल प्रामुख्याने स्त्रिया करतात आणि अंड्या-कोंबड्यांच्या विक्रीचा पैसाही बहुधा त्यांच्याच हाती राहतो. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील ८५.१८ कोटी कुक्कुट पक्ष्यांपैकी ३१.७१ कोटी पक्षी परसातील होते. २०१२ च्या तुलनेत त्यांच्या संख्येत सुमारे ४६ टक्के वाढ झाली. व्यावसायिक कुक्कुटपालनातील वाढ मात्र ४.५ टक्केच होती.

कोंबडी उकिरड्यावर व शेतात चरून पोट भरते, तिला वेगळे खाद्य लागत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. देशी कोंबडीच्या बाबतीत तो अंशतः खरा आहे. सुधारित जातींच्या बाबतीत तो तोट्याचा ठरतो. प्रस्तुत लेखात चराईतून काय मिळते, काय मिळत नाही आणि ही तूट घरच्या घरी कशी भरून काढता येते, याचा विचार केला आहे.

चराईचे स्वरूप व मर्यादा :
परसातील पक्ष्यांना दोन मार्गांनी अन्न मिळते. पहिला मार्ग घराचा : उष्टे-खरकटे, धान्य पाखडताना उरलेला चाळ, कणी व कोंडा. दुसरा मार्ग परिसराचा : खळ्यावर सांडलेले दाणे, गवताचे बी, कोवळा पाला, वाळवी, नाकतोडे, अळ्या व गांडुळे. हे अन्न फुकट असले तरी अमर्याद नसते. दहा कोंबड्यांना पुरणारे परस वीस कोंबड्यांना पुरत नाही. संख्या वाढली की प्रत्येकीच्या वाट्याचे अन्न घटते, अंडी कमी होतात व अशक्त पिले दगावतात. दोष मात्र जातीला किंवा रोगाला दिला जातो.

ऋतुमानानुसार हा साठा बदलतो. पावसाळ्यात किडे, गांडुळे व हिरवा पाला मुबलक असतो. परंतु घरातील धान्य संपत आलेले असल्याने ऊर्जेची तूट पडते. सुगीनंतर दाणे भरपूर मिळतात, तेव्हा प्रथिने कमी पडतात. उन्हाळ्यात दोन्हींचा तुटवडा असतो. म्हणून बारमाही एकच पूरक खाद्य देणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य नाही. पावसाळ्यात धान्य, सुगीनंतर पेंड व उन्हाळ्यात दोन्ही, असा क्रम असावा.

प्रथिने व कॅल्शियम :
देशी कोंबडी साधारणतः वर्षाला ५० ते ८० अंडी देते. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेली 'वनराजा' ही जात परसात सुमारे १०० ते ११० अंडी देऊ शकते. तिचे वजनही अधिक असल्याने तिला शरीरपोषणासाठीच जास्त अन्न लागते. सुधारित पिलू घरी आले, पण परस तेच राहिले, तर हे अधिक उत्पादन कागदावरच राहते.

मध्यम आकाराच्या एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात आणि त्याच्या कवचात जवळपास २ ग्रॅम कॅल्शियम असते. ५० ग्रॅम ज्वारीतून कोंबडीस सुमारे ५ ग्रॅम प्रथिने मिळतात. त्यांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल अपुरे असते. कॅल्शियम तर पंधरा-वीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसते. नाचणीत ते अनेक पटींनी जास्त असले तरी कवचासाठी तेही पुरत नाही. पातळ कवचाची अंडी हे या तुटीचे पहिले दृश्य लक्षण होय. चुनखडीचे खडे, शिंपल्यांचा चुरा किंवा भाजून कुटलेली अंड्याची टरफले वेगळ्या भांड्यात ठेवावीत. अंड्यावरील कोंबडी गरजेप्रमाणे ते खाते.

पूरक खाद्य :
चरणाऱ्या प्रौढ कोंबडीस दररोज ३० ते ४० ग्रॅम पूरक खाद्य साधारणतः पुरेसे असते. त्याचा मोठा भाग सायंकाळी द्यावा. त्यामुळे पक्षी दिवसभर चरतात व संध्याकाळी आपणहून खुराड्याकडे परततात. ज्वारीची किंवा मक्याची भरड ५३ भाग, तांदळाचा कोंडा २५ भाग, सोयाबीनची पेंड २० भाग व मीठयुक्त खनिज मिश्रण २ भाग, या मिश्रणात सुमारे १७ टक्के प्रथिने असतात. कोकणात पेंडीचा काही भाग कमी करून सुकटीची भुकटी वापरता येते.

विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन घरचेच असते; तथापि ते कच्चे देऊ नये. कच्च्या सोयाबीनमधील ट्रिप्सिनरोधक घटक प्रथिनांचे पचन रोखतो. दाणे नीट भाजल्यास तो निष्क्रिय होतो. अझोलाविषयीही तारतम्य हवे. त्याच्या शुष्क भागात २० ते २५ टक्के प्रथिने असतात हे खरे; पण ताज्या अझोलात ९३ ते ९५ टक्के पाणीच असते. १०० ग्रॅम ताज्या अझोलातून दीड ग्रॅमच्या आसपासच प्रथिने मिळतात. तो उत्तम पूरक आहे, पेंडीचा पर्याय नव्हे.

पिलांचा आहार :
परसातील सर्वाधिक हानी पिलांच्या पहिल्या काही आठवड्यांत होते. प्रौढ कोंबड्यांच्या गर्दीत पिलांना दाणा मिळत नाही. भक्ष्यामागे दूर गेलेली पिले घार व मुंगसाच्या तावडीत सापडतात. ज्यातून फक्त पिलेच आत शिरू शकतील असे मोठ्या छिद्रांचे डालगे पालथे घालून त्याखाली खाद्य ठेवल्यास दोन्ही प्रश्न बऱ्याच अंशी सुटतात. सुधारित पिलांना सुमारे सहा आठवडे ऊब व २० टक्के प्रथिनांचे खाद्य देऊन मगच मोकळे सोडावे.

बदकांची वेगळी गरज :
बदक उकिरड्यापेक्षा पाणथळ जागी अधिक अन्न मिळवते. केरळातील कुट्टनाड भागात भातकापणीनंतर बदकांचे कळप एका शेतातून दुसऱ्या शेतात फिरवले जातात. सांडलेले भात, गोगलगायी व किडे हेच त्यांचे मुख्य खाद्य असते. महाराष्ट्रातील भातपट्ट्यातही तलाव व खाचरे यांचा असा उपयोग शक्य आहे. मात्र बदकांना कोंबड्यांचे खाद्य जसेच्या तसे देऊ नये. पिलांना नियासिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिलांच्या जवळपास दुप्पट लागते. त्याच्या अभावी त्यांचे पाय अधू होतात. कोरडी भरड चोचीला चिकटत असल्याने खाद्य ओलसर करून द्यावे व चोच बुडेल एवढे पाणी जवळ ठेवावे.

चराईतील धोके :
बुरशी लागलेला मका व शेंगदाणा पेंड यांत अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये अशा पेंडीमुळे मोठ्या प्रमाणावर टर्की पक्षी दगावले व त्यातूनच या विषाचा शोध लागला. बदकाची पिले त्यास विशेष बळी पडतात. माणसांनी नाकारलेले बुरशीचे धान्य कोंबड्यांना घालण्याची सवय म्हणूनच घातक आहे. औषध लावलेले बियाणे, उंदरांसाठी ठेवलेले झिंक फॉस्फाईडचे आमिष व नुकतीच फवारणी केलेले शेत यांपासूनही पक्षी दूर ठेवावेत.

२००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिली बर्ड फ्लूची साथ आढळली. बदके काही वेळा लक्षणे न दाखवता हा विषाणू बाळगतात. म्हणून रानपक्षी उतरतात अशा पाणवठ्यावर चरणारी बदके कोंबड्यांपासून वेगळी ठेवणे हिताचे.

निष्कर्ष :
परसातील कुक्कुटपालन कमी खर्चाचे आहे, बिनखर्ची नाही. परसाची क्षमता पाहून पक्ष्यांची संख्या ठरवणे, ऋतूनुसार तूट ओळखणे आणि तेवढीच तूट भरून काढणे, हे त्याचे मर्म आहे. सुधारित पिलांच्या वाटपासोबत खाद्यविषयक प्रशिक्षण दिले नाही, तर अपयशाचा भार ज्या स्त्रीच्या हाती ते पिलू दिले तिच्यावरच पडतो. महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र, गृहविज्ञान व अर्थशास्त्र या विभागांना राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून दत्तक गावांत ऋतुवार चराईच्या नोंदी घेता येतील. कोणत्या गावात किती पक्षी पोसले जाऊ शकतात, हे अशा नोंदींवरूनच ठरवता येईल.