कृत्रिम बुद्धिमत्तेचे नियमन आणि व्यवसायाची स्पर्धाक्षमता : सिंधुदुर्गच्या सागरी मासेमारीच्या संदर्भात

प्रास्ताविक

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नियमनासंबंधीची चर्चा बहुधा तराजूच्या दोन पारड्यांच्या भाषेत केली जाते. एका पारड्यात कायदा, दुसऱ्यात नवनिर्मिती. एक खाली गेले की दुसरे वर जाणारच, असे त्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीतक तपासून पाहण्यासाठी ब्रुसेल्स वा बंगळूरूकडेच वळावे लागते असे नाही. देवगड, मालवण व वेंगुर्ले या तीन तालुक्यांच्या १२१ किलोमीटर लांबीच्या किनाऱ्यावर नव्या तंत्राचे नियमन, त्यातून घडणारी व्यावसायिक स्पर्धा आणि दुर्बल घटकाचे संरक्षण हा प्रश्न चार दशकांहून अधिक काळ धगधगत आहे. त्या वेळी तंत्र होते ट्रॉलरचे, पुढे पर्ससीन जाळ्याचे, त्यानंतर एलईडी दिव्यांचे. आता त्याच पाण्यावर ड्रोन फिरू लागले आहेत, आणि मे २०२५ मध्ये पालकमंत्री नितेश राणे यांनी राज्य शासनाच्या ‘मार्व्हल’ या कंपनीच्या साह्याने सिंधुदुर्गच्या जिल्हा प्रशासनात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करण्याची घोषणा केली आहे. जुन्या तंत्रांच्या नियमनाचा अनुभव नव्या तंत्रासाठी कितपत उपयोगी पडतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

रापण ते एलईडी : नियमनाचा उलगडत गेलेला इतिहास

मालवणच्या किनाऱ्यावरील गाबित समाजाची पारंपरिक मासेमारी म्हणजे रापण. किनाऱ्यावरून ओढले जाणारे हे लांबलचक जाळे अनेक कुटुंबांच्या श्रमावर चालते आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. यांत्रिक ट्रॉलर आले तेव्हा उत्पादन वाढले यात शंका नाही. तथापि, ते वाढलेले उत्पादन कोणाच्या पदरात पडले, हा प्रश्न किनाऱ्यावर संघर्षाच्या रूपाने उभा राहिला. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ हा या व अशाच संघर्षांच्या पार्श्वभूमीवर अस्तित्वात आला. सिंधुदुर्ग जिल्ह्याची निर्मितीही त्याच वर्षीची.

हा कायदा कमकुवत ठरला तो मुख्यतः त्याच्या अंमलबजावणीत. मूळ तरतुदीत दंड हा पकडलेल्या मासळीच्या किमतीशी जोडलेला होता आणि प्रकरणाचा निवाडा तहसीलदारांकडे होता. महसुलाच्या असंख्य कामांत गुंतलेल्या अधिकाऱ्याकडे समुद्रातील प्रकरण पोहोचेपर्यंत नौका पुन्हा समुद्रात गेलेली असे. मोठ्या भांडवलाच्या मालकासाठी असा दंड म्हणजे व्यवसायाचा एक किरकोळ खर्च होता. पर्ससीन जाळ्यांच्या प्रश्नावर नेमलेल्या डॉ. व्ही. एस. सोमवंशी समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला व परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणण्याची शिफारस केली. त्यावर आधारित शासन आदेश निघाला ५ फेब्रुवारी २०१६ रोजी. त्याने पर्ससीनचा हंगाम १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर असा मर्यादित केला. अहवाल ते आदेश या चार वर्षांत किनाऱ्यावरील तंत्र मात्र थांबून राहिलेले नव्हते.

एलईडी दिव्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. मासेमारीचे नियम जाळ्याचा प्रकार, आसाचा आकार, नौकेचे इंजिन, हंगाम व किनाऱ्यापासूनचे अंतर यांच्या भाषेत लिहिलेले होते. प्रखर दिव्याने मासळी एकत्र खेचणे हे या परिभाषेत नीट बसत नव्हते, कारण दिवा म्हणजे जाळे नव्हे. केंद्र शासनाने १० नोव्हेंबर २०१७ रोजी अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडी मासेमारी व जोडीने चालणारे ट्रॉलिंग यांवर स्वतंत्र बंदी घातली. राज्याच्या अधिनियमात २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेने एलईडी मासेमारीसाठी ५ लाख ते २० लाख रुपयांच्या दंडाची तरतूद केली आणि निवाड्याचे अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्याकडे सोपविले. तंत्राचे नाव घेऊन लिहिलेला नियम पुढच्या तंत्रापुढे निरुत्तर होतो, हे कृत्रिम बुद्धिमत्तेचा कायदा करू पाहणाऱ्यांनी प्रथम लक्षात घेण्याजोगे आहे. नियम परिणामाला उद्देशून असावा, अवजाराला नव्हे.

दुसरी अडचण सीमेची. राज्याचा अधिकार १२ सागरी मैलांपर्यंत, त्यापलीकडे केंद्राचा. शिवाय कर्नाटक व गोव्यातील वेगवान नौका सिंधुदुर्गच्या हद्दीत शिरत असल्याची तक्रार स्थानिक मच्छीमार वर्षानुवर्षे करीत आले आहेत. नियम पाळणाऱ्या मालवणच्या मच्छीमाराने जाळे आवरायचे आणि नियम न पाळणाऱ्याने तीच मासळी न्यायची, अशा स्थितीत नियमन स्पर्धाक्षमतेला मारक ठरते हे उघड आहे. परंतु त्याचे कारण नियम असणे हे नसून तो सर्वांना सारखा लागू न होणे हे आहे. उद्योगजगतातून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नियमनाविरुद्ध मांडल्या जाणाऱ्या युक्तिवादांत हे दोन मुद्दे नेहमी एकमेकांत मिसळलेले आढळतात.

युरोपचा कायदा व भारताची भूमिका

युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात आला. त्याची रचना धोक्याच्या पातळीवर आधारित आहे. काही वापर निषिद्ध, काही अतिजोखमीचे म्हणून कडक बंधनांखाली, काहींवर केवळ माहिती उघड करण्याचे बंधन आणि उरलेले बहुसंख्य वापर जवळपास मोकळे. निषिद्ध वापरासाठी साडेतीन कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ७ टक्के, यांपैकी जी अधिक असेल ती रक्कम दंडाची कमाल मर्यादा आहे. लघु व मध्यम उद्योगांसाठी मात्र यांपैकी कमी रक्कम धरली जाते. हा कायदा युरोपबाहेरील उत्पादकालाही, त्याच्या प्रणालीचा वापर युरोपात होत असल्यास, लागू होतो. कोकणच्या मत्स्यनिर्यातदारांना हा प्रकार नवा नाही. २०१० पासून युरोपात जाणाऱ्या सागरी मासळीसोबत ती कायदेशीर रीतीने पकडल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि समुद्री कासवांच्या संरक्षणाच्या कारणास्तव अमेरिकेने २०१९ मध्ये भारतातील समुद्रातून पकडलेल्या कोळंबीची आयात बंद केली. ग्राहकाच्या देशातील कायदा हा अशा रीतीने उत्पादकाच्या देशातील कायदा होऊन बसतो. तेव्हा, देशांतर्गत नियम नसणे म्हणजे मोकळीक, ही समजूत निर्यातक्षम व्यवसायापुरती तरी भ्रामक आहे.

तथापि, युरोपचा मार्गही निर्वेध ठरलेला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगानेच अतिजोखमीच्या प्रणालींसंबंधीच्या तरतुदींची मुदत पुढे नेण्याचा प्रस्ताव मांडला. भारतात १ मार्च २०२४ रोजी इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने अपुऱ्या चाचणीच्या प्रारूपांना शासनाच्या पूर्वपरवानगीची अट सुचविणारी सूचना काढली आणि नवउद्योजकांच्या टीकेनंतर १५ मार्च रोजी ती अट वगळणारी दुसरी सूचना काढली. पंधरवड्यात बदलणारा नियम हा कडक नियमापेक्षाही व्यवसायाला अधिक जाचक होतो, कारण त्याच्या भरवशावर कोणीही गुंतवणूक करू शकत नाही.

५ नोव्हेंबर २०२५ रोजी मंत्रालयाने जाहीर केलेली कृत्रिम बुद्धिमत्ता सुशासनाची मार्गदर्शक तत्त्वे तूर्त स्वतंत्र कायद्याची आवश्यकता नसल्याची भूमिका घेतात व निर्बंधापेक्षा नवनिर्मितीला अग्रक्रम देतात. योगायोग असा की, त्याच आठवड्यात, ४ नोव्हेंबर रोजी, अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीचे केंद्रीय नियम अधिसूचित झाले. त्यांत यांत्रिक व मोठ्या नौकांना प्रवेशपत्राची सक्ती आहे, पारंपरिक छोट्या नौकांना त्यातून सूट आहे, आणि एलईडी मासेमारीला स्पष्ट मनाई आहे. दोन्ही दस्तऐवज शेजारी ठेवून वाचले असता मासेमारीचे नियम अधिक परिपक्व वाटतात. कोणावर किती भार टाकावयाचा, हे त्यांनी नौकेच्या क्षमतेवरून ठरविले आहे. नियमपालनाचा खर्च बऱ्याच अंशी ठरावीक असतो. वकील, लेखापरीक्षक व चाचणी यांचा जो भार मोठी कंपनी सहज पेलते, तोच लहान व्यावसायिकाला बुडवू शकतो. सरसकट सारखा नियम हा प्रत्यक्षात मोठ्यांच्या सोयीचा नियम असतो.

आकाशातून पाहणारा डोळा

जानेवारी २०२५ मध्ये राज्याच्या किनाऱ्यावर अवैध मासेमारीवर लक्ष ठेवण्यासाठी ड्रोनद्वारे देखरेख सुरू झाली. सिंधुदुर्गात त्यासाठी देवगडची निवड झाली. पारंपरिक मच्छीमारांची अशा देखरेखीची मागणी जुनीच होती, आणि गस्तीनौकेला न गाठता येणारी नौका ड्रोनला दिसते हे खरेच आहे. पण या चित्रांचे विश्लेषण संगणकाकडे सोपविले गेल्यास काही प्रश्न अटळ होतात. धूसर हवेत, रात्रीच्या वेळी, एकीऐवजी दुसरी नौका ओळखली गेली तर? दंडाची किमान रक्कम जेथे ५ लाख रुपये आहे, तेथे अशी चूक एका कुटुंबाला देशोधडीला लावू शकते. यंत्राने संशय दाखवावा, निर्णय मात्र अधिकाऱ्याने नौकामालकाचे म्हणणे ऐकून सकारण द्यावा, आणि ज्या चित्रावरून कारवाई झाली ते चित्र मालकाला पाहावयास मिळावे, एवढी अट नवनिर्मितीला कोठेही अडवीत नाही.

याहून सूक्ष्म प्रश्न आहे तो माहितीच्या मालकीचा. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते सुरुवात झालेल्या योजनेनुसार १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील १ लाख नौकांवर स्वदेशी उपग्रहाधारित ट्रान्सपाँडर बसविले जाणार आहेत. वादळाचा इशारा आणि संकटकाळी संपर्क यांसाठी त्यांचे मोल वादातीत आहे. परंतु नौका कोठे थांबली, किती वेळ थांबली, कोणत्या महिन्यात पुन्हा तेथेच गेली, ही माहिती म्हणजे तांडेलाचे पिढ्यानपिढ्यांचे भांडवल होय. कोणत्या खडपाजवळ कोणत्या भरतीला कोणती मासळी लागते हे ज्ञान तो शेजारच्या नौकेलाही सहजी सांगत नाही. हजारो नौकांच्या नोंदी एकत्र करून शिकविलेली प्रणाली हेच ज्ञान काही क्षणांत नकाशावर मांडू शकेल, आणि तो नकाशा विकत घेण्याची ऐपत ज्याच्याजवळ त्याचीच नौका तेथे आधी पोहोचेल.

हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा अनुभव येथे तुलनेसाठी उपयुक्त ठरतो. समुद्रपृष्ठाचे तापमान व हरितद्रव्य यांच्या उपग्रहीय नोंदींवरून संभाव्य मत्स्यक्षेत्राचे अंदाज हे केंद्र सर्वांना विनामूल्य देते. तेथे मूळ माहिती निसर्गाची व सेवा सार्वजनिक आहे. ट्रान्सपाँडरची माहिती मात्र व्यक्तीच्या श्रमातून व जोखमीतून उपजते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ व त्याचे नोव्हेंबर २०२५ मधील नियम ओळख पटविणाऱ्या माहितीला संरक्षण देतात आणि उल्लंघनासाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवतात. नावे वगळून केलेल्या एकत्रित नकाशाला ते संरक्षण पुरेल असे दिसत नाही. हा प्रश्न खाजगीपणाचा कमी आणि स्पर्धेचा अधिक आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक बाजार अभ्यासातही माहितीच्या केंद्रीकरणाची चिंता व्यक्त झाली आहे. रापणीत दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा ठरलेला असे. नोंदी पुरविणाऱ्या नौकांचा त्या नोंदींतून निर्माण होणाऱ्या प्रणालीत काय वाटा, याचे उत्तर सध्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत नाही.

व्यावसायिकांनीच मागितलेले नियम

नियमन म्हणजे नेहमी वरून लादलेले बंधन असेही नाही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो उत्पादकांच्या मागणीवरूनच. परप्रांतीय आंबा देवगडच्या नावाने विकला जाऊ लागल्यावर देवगड तालुक्यातील आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळावर स्वतंत्र क्रमांकाची मोहर लावण्याची पद्धत सुरू केली. ग्राहकाने क्रमांक तपासावा व खात्री करून घ्यावी, अशी ही व्यवस्था. येथे बंधनच बाजारातील बळ झाले. मालवणच्या पर्यटन व्यवसायात, जेथे बनावट छायाचित्रे व यंत्रलिखित अभिप्राय यांचा शिरकाव सहज शक्य आहे, तेथे प्रामाणिक निवास-न्याहारी चालकाला अशा ओळखचिन्हाची गरज उद्या भासणारच आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण मालवण सागरी अभयारण्याचे. १९८७ मध्ये २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र अधिसूचित झाले. हेतू प्रवाळ व सागरी जीवांच्या रक्षणाचा, म्हणजे मच्छीमाराच्याही दूरगामी हिताचा. परंतु विश्वासात न घेता आलेल्या या निर्णयाला किनाऱ्यावरून दीर्घकाळ विरोध होत राहिला. जिल्हा प्रशासनातील कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम अद्याप प्रारंभिक अवस्थेत आहे. विदा संरक्षण नियमांतील प्रमुख बंधने २०२७ मध्ये लागू होतील. तोपर्यंतच्या काळात कोणती प्रणाली कोणत्या खात्यात कशासाठी वापरली जाते याची मराठीतील जाहीर सूची, आणि ड्रोन व ट्रान्सपाँडरच्या नोंदींच्या वापराविषयी मच्छीमार सहकारी संस्थांशी लेखी करार, या दोन गोष्टी करण्यास कोणत्याही नव्या कायद्याची प्रतीक्षा करावी लागत नाही.