पाइनवरचा पांढरा पुंजका

गेल्या वर्षी तू बिश्वातनंतर आम्ही सहकुटुंब बेन शेमेनच्या रानात गेलो होतो. पाइनच्या फांदीवरचा पांढरा, रेशमी पुंजका पाहून धाकट्या नातवाने तो पाडायला काठी उचलली. मी धावत जाऊन त्याचा हात धरला. तो पुंजका म्हणजे सुरवंटांचे घर होते.

हे सुरवंट एका करड्या पतंगाचे. त्याचे हिब्रू नाव तहालुखान हा-ओरेन. तहालुखा म्हणजे मिरवणूक आणि ओरेन म्हणजे पाइन. इस्राएल, लेबनॉन, सायप्रस, तुर्कस्तान हा त्याचा मुलूख. केरेन कायेमेतने आपल्या देशात जागोजागी पाइन लावले, तिथे त्याला आयते घर मिळाले. १९६४ पासून लावलेल्या, नेगेवच्या काठावरच्या यतिरच्या रानातही तो आहे.

शरदात मादी पाइनच्या सुईसारख्या पानांभोवती अंडी घालते आणि आपल्या अंगावरच्या खवल्यांनी ती झाकते. पिले सगळी मिळून रेशमाचे घर विणतात. दिवसा आत बसतात, रात्री बाहेर पडून पाने खातात. थंडी सरता सरता ती झाडावरून उतरतात आणि शाळेच्या मुलांसारखी एकामागे एक रांगेने चालू लागतात. मऊ माती सापडली की आत शिरून कोश करतात. चोच खुपसून ते कोश उकरून खाणारा पक्षी म्हणजे दुखीफत, आपला हुदहुद. २००८ साली तो इस्राएलचा राष्ट्रीय पक्षी झाला.

मिरवणूक पाहायला मुले वाकतात, धोका तिथेच आहे. सुरवंटाच्या अंगावरचे बारीक केस सहज सुटतात आणि वाऱ्यावर उडतात. कोकणातली खाजकुयली आठवते ना? तशीच आग होते, अंगावर पुरळ उठते. केस डोळ्यांत गेले तर फार वाईट. कुत्र्याने हुंगले तर त्याची जीभ सुजते. रिकाम्या घरट्यातही हे केस बराच काळ टिकतात.

म्हणून शेवात ते निसान या महिन्यांत पाइनखाली चटई पसरण्यापूर्वी वर एकदा पाहा. केस लागलेच तर चोळू नका. चिकटपट्टी हलकेच लावून ते उचला, मग साबण-पाण्याने धुवा आणि कपडे बदला. डोळ्यांना लागले किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर तडक डॉक्टरांकडे जा.

नातवंडांना मिरवणूक जरूर दाखवा, पण चार पावले दूर उभे राहून.