फॉर आहे, पण फेरी नाही

वर्धा-बल्लारशाह मार्गावरच्या माजरी जंक्शनला वणी-आदिलाबादकडचा फाटा फुटतो. आसपासच्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) खाणींतला कोळसा मालगाड्यांनी जातो. भरलेला डबा मर्यादेबाहेर गेला की रेल्वे दंड आकारते, म्हणून वजनाला महत्त्व.

समजा, एका रेकच्या, म्हणजे जोडलेल्या डब्यांच्या रांगेच्या, चार डब्यांत 64, 58, 66 आणि 60 टन कोळसा आहे आणि मर्यादा 60 टनांची. जादा माल किती? सी भाषेत आपण एक मोजणारा अंक घेतो, तो प्रत्येक फेरीत वाढवतो आणि उत्तर बाजूच्या यादीत भरत जातो. मार्टिन ओडर्स्की यांच्या स्कालात मात्र एवढंच (कीवर्ड देवनागरीत लिहिले आहेत):

फॉर (डबा <- रेक इफ डबा > 60) यील्ड डबा - 60

उत्तर: 4, 6.

सी शिकून आलेला विद्यार्थी इथे हमखास अडखळतो, कारण शब्द ओळखीचा आणि अर्थ निराळा. इथे काहीच वाढत नाही, बदलत नाही. बाण रेकमधून एकेक डबा उचलतो, इफ चाळतो, यील्ड नवी यादी घडवतो. मूळ रेक जशीच्या तशी. कंपायलर ही ओळ चाळणाऱ्या आणि रूपांतर करणाऱ्या फंक्शनांत बदलतो. यील्ड गाळलं, तर यादीच मिळत नाही. दोन बाण लिहिले, दिवसभरातून रेक आणि रेकमधून डबा, तर सगळ्या रेकांच्या डब्यांची एकच सलग यादी हाती येते. मला ही मांडणी फार सुंदर वाटते: काय हवं ते लिहा, कसं फिरायचं ते नको.

स्कालाच्या या ओळीत प्रत्येक डब्याला स्वतंत्र चल मिळतो, ही किरकोळ बाब नव्हे. गो भाषेत सगळ्या फेऱ्यांना एकच चल असे. फेरीतलं फंक्शन नंतर चालवलं की बहुधा शेवटचीच किंमत मिळे. फेब्रुवारी 2024 मधल्या 1.22 आवृत्तीत तिथेही दर फेरीला नवा चल आला.

बेरजेला मात्र मागचं लक्षात ठेवावं लागतं. त्यासाठी फोल्ड: 0 पासून 64, 122, 188, 248. प्रत्येक पायरी आपलं उत्तर पुढच्या पायरीच्या हाती देते. बेरीज कशीही गटांत विभागता येते, म्हणून पहिले दोन डबे एका संगणकाने (122), उरलेले दुसऱ्याने (126) मोजले तरी 248च. वजाबाकीत तसं करता येत नाही. तिथे डबे क्रमानेच घ्यावे लागतात.