‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा बदलता नायक

पुणे परिसराचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गेममालिकेशी थेट संबंध आहे. तिच्यातील ‘सँड्स ऑफ टाइम’ या खेळाच्या २०२० मध्ये जाहीर झालेल्या नव्या आवृत्तीचे काम आरंभी युबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या पुणे व मुंबई स्टुडिओंकडे होते, ते २०२२ मध्ये माँट्रियलकडे गेले.

या मालिकेचा नायक मात्र खेळागणिक बदलत गेला. जॉर्डन मेकनर याने १९८९ मध्ये ॲपल टू संगणकासाठी घडवलेला मूळ नायक निनावी होता. धाकट्या भावाच्या धावण्या-उडी मारण्याचे चित्रीकरण करून त्याच्या चौकटी गिरवण्याच्या, म्हणजे रोटोस्कोपिंगच्या, तंत्रामुळे नायकाच्या हालचाली जिवंत वाटल्या. संगणकाची मेमरी अपुरी असल्याने नायकाच्याच आकृतीतून छायापुरुष हा शत्रू निर्माण झाला, आणि तलवार म्यान केल्यावरच तो नायकात विलीन होतो, ही मालिकेतील सर्वांत श्रेष्ठ कल्पना होय. २००३ च्या ‘सँड्स ऑफ टाइम’मधील राजपुत्राने भारतीय महाराजाकडून लुटलेल्या कालवाळूचा शाप वजिराच्या कपटाला भुलून स्वतःच मोकळा केला, आणि महाराजाची कन्या फराह हिच्या सोबतीने तो निस्तरताना त्याचा गर्व उतरला. २००५ च्या खेळात त्याच्यातील दुष्ट अंशच त्याच्याशी बोलू लागला. २०२४ च्या ‘द लॉस्ट क्राउन’चा नायक सार्गॉन तर राजपुत्रच नाही, तो अपहृत राजपुत्राला सोडवण्यास निघालेला योद्धा आहे. ही वाटचाल समजून घेऊ इच्छिणाऱ्यांनी मूळ खेळापासूनच सुरुवात करावी.