आधी पडायला शिकवा

आजचा विषय कळल्यावर एकदोघांनी मला विचारलं, "सर, नंदुरबारात बर्फ कुठला?" खरं आहे. आपल्याकडचा बर्फ म्हणजे कडाक्याच्या थंडीत सातपुड्यात, डाबच्या बाजूला, गवतावर गोठलेलं दव. तेही ऊन चढेपर्यंत. पण आपली मुलं आता सुटीत गुलमर्गला, औलीला, सोलंगला जातात आणि तिथे स्नोबोर्ड भाड्याने मिळतो. गेल्या हिवाळ्यात माझा पुतण्या असाच गेला आणि मनगट मोडून घरी आला. म्हणून हा विषय.

त्याला शिकवणारा त्याचा मित्रच होता. "बघ, असं जायचं," म्हणाला आणि सर्रकन खाली गेला. पुतण्या निघाला, दहा फुटांवर मागे कोसळला. पडताना हात मागे टेकला. सगळा भार मनगटावर आला.

आता हे का होतं ते पाहा. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला पट्ट्यांनी बांधलेले असतात. एरवी तोल गेला की आपण पाय पुढे टाकतो. इथे पाय मोकळा नाही, मग हात धावतो. म्हणून नवशिक्यांमध्ये मनगटाची दुखापत फार आढळते.

गिल्बर्ट राईल या तत्त्वज्ञाने 1949 साली 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या ग्रंथात एक भेद मांडला. एखादी गोष्ट 'अशी आहे' हे माहीत असणं वेगळं, आणि ती 'करता येणं' वेगळं. मित्राला करता येत होतं. पण ज्याला येतं, तो आपल्याला येत नव्हतं तो काळ विसरलेला असतो. त्याने स्वतःचं कौशल्य दाखवलं. पुतण्याची पहिली पायरी दाखवली नाही. प्रात्यक्षिक आणि प्रदर्शन यांत फरक आहे तो हा.

मग पहिली पायरी कोणती? पडणं! हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड घालून, सपाट जागेवर. मागे पडायचं तर गुडघे वाकवून खाली बसायचं, हनुवटी छातीला, मुठी मिटलेल्या, हात शरीराजवळ. पुढे पडायचं तर आधी गुडघे, मग कोपरापासूनचे हात. आपल्या आखाड्यात वेगळं काय असतं? आधी माती खणून मऊ करतात, मग डाव शिकवतात.

दुसरी पायरी, एकच पाय बांधून सपाटीवर सरकणं. तिसरी, अगदी सौम्य उतारावर फळी आडवी धरून, तोंड उताराकडे करून, टाचेकडच्या कडेवर घसरणं. चवडे वर उचलले की कड रुतते आणि फळी थांबते. थोडे सैल सोडले की घसरते. लक्षात ठेवा, उताराकडची कड बर्फात अडकली की माणूस क्षणात आपटतो. म्हणून भार नेहमी चढाकडच्या कडेवर. थांबता आलं की मग झाडाचं पान हेलकावत पडतं तसं डावीकडे-उजवीकडे जायचं. वळणं त्यानंतर.

दाखवणाऱ्यानेही पथ्य पाळावं. एका वेळी एकच गोष्ट, हळू, आणि थोडंच अंतर. शिकणाऱ्यांना उताराच्या मध्ये नव्हे, कडेला उभं करावं. वरून येणाऱ्याने खालच्याला सांभाळायचं, हा तिथला सर्वमान्य नियम आहे. स्वतः पडून दाखवायची लाज वाटू नये. आणि शक्य तिथे प्रशिक्षित शिक्षकच घ्यावा. गुलमर्गला तर सरकारी स्कीइंग संस्था आहे.

आपल्याकडे म्हणतात, पाण्यात पडलं की पोहता येतं. मी लहानपणी विहिरीत पोहायला शिकलो, पण पाठीला डबा बांधलेला होता, कमरेला दोर होता आणि दोराचं दुसरं टोक काकांच्या हातात होतं. म्हण सांगताना आपण तो दोर विसरतो. अनुभव हा गुरू खराच, पण चुकीची किंमत लहान ठेवणारा कोणीतरी बरोबर लागतो. ती किंमत लहान ठेवणं, हेच शिकवणाऱ्याचं काम.

पुतण्याचं प्लास्टर निघालं. यंदा पुन्हा जातो म्हणतोय. जाऊ दे. पण आधी अंगणात गादी टाकून मी त्याला पडायला लावणार आहे.

आता प्रश्न विचारा.