उसाची नोंद आणि सिस्टरची नोंद

– ऊस विकास अधिकारी



या पानावर मी नेहमी बेणे, खते, हुमणी आणि पाचट यांविषयी लिहितो. या खेपेस विषय वेगळा आहे, पण तो शेवटी तुमच्या उसाच्या बिलापाशीच येऊन थांबतो. गट कार्यालयात बिलाची चौकशी करायला आलेला सभासद जाता जाता हळूच विचारतो, "साहेब, पोरीला नर्सिंगला टाकायलो. कसं राहील?" कोणी फीचा आकडा सांगतो, कोणी खिशातून गुळगुळीत छापील कागद काढून दाखवतो. पूर्वी मी म्हणत असे, "चांगलं आहे, टाका." आता आधी एक प्रश्न विचारतो. तो का विचारावा लागतो, ते आज सांगतो.

माझी भाची मराठी माध्यमातून बारावी झाली. मेव्हण्यांचा दोन एकर ऊस आपल्याच कारखान्याला येतो. त्या साली एका गावी एक वर्षाचा 'नर्सिंग कोर्स' चालत होता. गावाचे आणि संस्थेचे नाव घेत नाही. नोकरीची शंभर टक्के हमी, असे कागदावर ठळक छापले होते. मेव्हण्यांनी मला विचारले, कारण घरात डिप्लोमा झालेला मीच. मी कागद वरवर पाहिला आणि फॉर्मवर साक्षीदार म्हणून सहीही ठोकली. खोडव्याचे सगळे बिल फीत गेले. वर्ष संपले, प्रमाणपत्र मिळाले, बहिणीने ते चौकट करून देव्हाऱ्याशेजारी टांगले. मग पोरगी एका दवाखान्यात कामाला विचारायला गेली. तिथल्या मेट्रनबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि एवढेच विचारले, "बाळ, कौन्सिलचा नंबर कुठाय?"

नंबर नव्हता. त्या कोर्सवर तो कधी मिळणारही नव्हता.

तुम्हाला हे समजावून सांगायला नको. शिवारात को ८६०३२ बारा कांड्यांवर डुलतोय, पाणी वेळेवर, खत वेळेवर. पण कारखान्याच्या रजिस्टरला नोंदच केली नाही, तर तोडीची चिठ्ठी कोण देणार? सिस्टरचे तसेच आहे. वकिलाला सनदेसाठी पदवीनंतर वेगळी परीक्षा द्यावी लागते, तशी वेगळी लायसनची परीक्षा आपल्याकडे नर्सिंगला नाही. मान्यता असलेल्या शाळेतला पूर्ण कोर्स, त्याची सरकारमान्य परीक्षा, आणि ती पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवणे, एवढे झाले म्हणजे ती सिस्टर. शाळेला मान्यता नसेल तर मुलगी त्या परीक्षेला बसूच शकत नाही. पुढचे सगळे तिथेच अडते.

ही नोंद काही सरकारने सहज उठून सुरू केली नाही. त्यासाठी जगभर भांडणे झाली आहेत. जिने १८६० साली लंडनला नर्सिंगची शाळा काढली, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई स्वतःच सरकारी नोंदणीच्या विरोधात होत्या. चांगली नर्स परीक्षेच्या कागदावरून ओळखता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या बाजूला एथेल फेनविक नावाच्या बाई तीस वर्षे झगडल्या, तेव्हा १९१९ साली इंग्लंडमध्ये नोंदणीचा कायदा झाला. त्याच्या आधीच, १९०१ साली, न्यूझीलंडने कायदा केला होता आणि जानेवारी १९०२ मध्ये एलन डोहर्टी या बाईंचे नाव तिथल्या रजिस्टरात पहिले लागले. नाइटिंगेलबाईंचे म्हणणे मला पूर्ण खोटे वाटत नाही. चांगला ऊस नोंदीने होत नाही, हे मी रोज बघतो. पण नोंद नसली की फसवणारा आणि राबणारा एकाच रांगेत उभे राहतात, हेही बघतो.

आपल्याकडची गोष्ट आणखी अवघड होती. मुंबईत १८९१ साली बाई काशीबाई गणपत या शिक्षणासाठी दाखल झाल्या. नर्सिंगच्या इतिहासात पहिली भारतीय नर्स म्हणून त्यांचे नाव देतात. परक्या माणसाचा मळ-मूत्र काढायचा, रात्रपाळी करायची, तीही घरंदाज बाईने, हे तेव्हा समाजाला मान्य नव्हते. पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ साली सेवासदन काढले आणि बायकांना ससून हॉस्पिटलात हे काम शिकायला पाठवले, तेव्हा त्यांनाही बोलणी खावी लागली. मुंबई इलाख्यात नोंदणीचा कायदा १९३५ साली आला. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. सबंध महाराष्ट्राला एकच कायदा झाला तो १९६६ साली. देशाचा कायदा १९४७ चा, आणि त्याच्या जागी संसदेने २०२३ साली नवा आयोग नेमण्याचा कायदा केला. मधल्या काळात गरज किती होती पाहा. १९४६ च्या भोर समितीने मोजले, तेव्हा देशात ४३,००० माणसांमागे एक नर्स पडत होती.

असो. भाचीकडे वळतो.

ते प्रमाणपत्र भिंतीवरून उतरवले त्या रात्री बहीण मला एक शब्दही बोलली नाही. ते बोलण्यापेक्षा जड होते. पोरगीच म्हणाली, "मामा, मी परत पयल्यापासून शिकते. पण आता कागद नीट बघा." एक वर्ष गेले, पैसा गेला. तरी वयाची मर्यादा पस्तीसपर्यंत असल्याने वाट बंद झाली नव्हती. या वेळी शाळेची दोन्ही कौन्सिलांची मान्यता यादीत नाव शोधून पाहिली, मगच नांदेडला जी.एन.एम.ला प्रवेश घेतला. तीन वर्षांचा कोर्स.

पहिले वर्ष तिने रडत काढले. पुस्तके सगळी इंग्रजी. शरीररचनेत हाडांची नावे अशी, की वाचताना जीभ अडखळावी. तिने वहीच्या पानाला मधोमध रेघ मारली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा उच्चार आणि अर्थ मराठीत. तरी पहिल्या वर्षी एक विषय राहिला. लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळे ५० टक्के लागतात, इकडचे गुण तिकडे चालत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत देगलूरला आली ती वही घेऊनच. बाजेवर गोधडी अंथरून चादरीचे कोपरे दुमडायची, तिच्या आबांच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघायची. आबा शेवटी वैतागले. म्हणाले, "मला काय झालंय ते तरी सांग, नुस्तं दाबायलीस."

गणितात मात्र माझा उपयोग झाला. एके रात्री बघतो तर ती वहीवर डोके टेकून बसलेली.

"काय करायलीस गं?"

"मामा, सलाइनचे थेंब निघंना गेलेत."

उदाहरण असे होते: ५०० मिलीची बाटली चार तासांत संपवायची आहे, नळीतून एका मिलीला २० थेंब पडतात, तर मिनिटाला किती थेंब सोडायचे? मी म्हटले, हे तर ठिबकचे गणित. आधी एकूण पाणी, मग वेळ. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब. चार तासांची मिनिटे २४०. भागाकार जवळपास ४२. ठिबकमध्ये चूक झाली तर एखादी सरी जास्त भिजते. इथे दुप्पट वेगाने पाणी गेले तर म्हाताऱ्या माणसाला दम लागतो, जीवावर बेतते. जंतुनाशकाच्या पाण्याचेही तसेच. आपण बेणेप्रक्रियेला १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम घेतो, ते ०.१ टक्का. दवाखान्यात ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर लिटरला १५ ग्रॅम घेतली की द्रावण अर्ध्या टक्क्याचे होते. टक्केवारी एकदा डोक्यात बसली, मग औषधाचे मिलिग्रॅमही तिला जमू लागले. राहिलेला विषय पुढच्या परीक्षेत सुटला.

दुसरी एक गोष्ट तिच्या कामी आली, ती पुस्तकात नव्हती. आपण सीमेवरची माणसे. मदनूरकडचा पेशंट तेलुगू बोलतो, औरादकडचा कानडी. वॉर्डात कोणाला कळेना, तेव्हा हीच पुढे व्हायची. बाळंतपणाच्या खोलीत कळा देणाऱ्या बाईला तिच्या बोलीत "भिऊ नको" म्हणता येणे, याला परीक्षेत गुण नाहीत. नाइटिंगेलबाई म्हणत होत्या ते हेच असावे.

शेवटच्या वर्षाचा निकाल महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाने लावला. पण मी पेढे तेव्हा वाटू दिले नाहीत. गुणपत्रके, दाखले, फोटो, फी असे सगळे परिषदेकडे गेले आणि नोंदणीचा नंबर आला, त्या दिवशी बहिणीने स्वतः मला फोन केला.

आता तुमच्या कामाचे. ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. यापेक्षा कमी मुदतीत 'सिस्टर' करून देतो म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवावी. बी.एस्सी.ची परीक्षा नाशिकचे आरोग्य विद्यापीठ घेते आणि प्रवेशाला राज्याची सीईटी असते. नियम बदलत राहतात, म्हणून त्या त्या वर्षीचे माहितीपत्रकच पाहावे, मागच्या वर्षी शेजाऱ्याने काय केले ते नव्हे. दहावीच्या दाखल्यावर नावाचे जे स्पेलिंग आहे, तेच शेवटपर्यंत ठेवा. सातबारावर एक नाव आणि पासबुकावर दुसरे असले की बिलाला किती हेलपाटे पडतात, ते तुम्हाला माहीत आहे. लग्नानंतर नाव बदलले तर परिषदेच्या रजिस्टरातही बदलून घ्यावे लागते. नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी असते, ते सासरच्यांनाही सांगून ठेवा. परदेशात जायचे तर इंग्लंड-अमेरिकेच्या परीक्षा वेगळ्या आणि इंग्रजीची परीक्षा त्याहून वेगळी. पण तिथेही आधी आपल्याकडची नोंदणी तपासली जाते.

आडसालीच्या नोंदी द्यायला याल, तेव्हा सातबाऱ्याबरोबर त्या कॉलेजचा कागदही घेऊन या. फी भरण्याच्या आधी आणा, नंतर नको. माझ्या टेबलावर संगणक आहे. संस्थेचे नाव यादीत आहे की नाही, ते दोघे मिळून बघू. गुरुवारी मी शिवारात असतो, तेवढा दिवस सोडून कधीही यावे.